पाठीवरचे गोणपाट आणि पिकअपचा हौदा

आमच्या घरात पहिली चारचाकी आली ती माणसे बसायची नव्हे, माल वाहायची. गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर पंधरा दिवसांनी माझ्या पुतण्याने वाशिमच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी पिकअप घेतली. जुनी म्हणजे नावालाच. व्यापाऱ्याने तीत बिस्किटांचे आणि फरसाणाचे खोकेच नेले होते, त्यामुळे हौद्याचा रंग जवळजवळ कोरा होता. वहिनींची बचत गटातली रक्कम, दादांनी विकलेल्या चार शेळ्या आणि वर बँकेचे कर्ज, असे सगळे मिळून ते वाहन कनेरगाव नाक्याला आमच्या दारात उभे राहिले.

पुतण्याने गाडी आधी विहारासमोर नेली. त्रिसरण-पंचशील झाले. शेजारच्या एका म्हातारीने लिंबू-मिरची बांधायला सांगितली, तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या, "आजी, तसलं समदं आपण छप्पन्न सालीच सोडलं." सगळ्यांना बरे वाटले. पण खरी परीक्षा पुढेच होती.

आठ दिवसांनी पुतण्या एक कागद घेऊन माझ्याकडे आला. मी कारकून माणूस, त्यामुळे घरातला प्रत्येक कागद शेवटी माझ्याकडे येतो. मोठ्या शहरातल्या एका दुकानदाराने त्याला हौद्यात बसवायचे कडक प्लॅस्टिकचे तयार अस्तर दाखवले होते. तळ आणि बाजू एकदम झाकल्या जातात, आणि एकदा बसवले की जन्मभर हौद्याकडे बघायचे कारण नाही, असे त्याने सांगितले होते. किंमत जवळजवळ दोन महिन्यांच्या हप्त्यांएवढी!

"काका, हिशेब बघा आन् बाबांना तुमीच सांगा," पुतण्या म्हणाला.

मी विचारले, "आठवड्यातून तीन दिवस चालणाऱ्या गाडीला एवढे भारी अस्तर कशाला?"

तो जरा दुखावला. म्हणाला, "आपल्या माणसाची गाडी नेहमी पोचे पडलेली, गंजकीच दिसावी का? बाबासाहेबांनी महाडला बायांना नीटनेटकं राहायला सांगितलं होतं, हे तुमीच शिबिरात शिकवता ना?"

मी निरुत्तर झालो. डिसेंबर 1927 च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ आणि नेटके राहण्याचा उपदेश केला, हे मी दरवर्षी सांगतो. राहणीमानावरून माणसाला खाली ओढणाऱ्या समाजात नेटकेपणा हीसुद्धा चळवळच असते. पुतण्याची हौस म्हणजे उधळपट्टी, असे म्हणून मला मोकळे होता येईना. शिवाय त्याची काळजी खरी होती. हौद्याचा पत्रा पातळ असतो. गोणी ओढली, फावडे लागले की रंग खरवडतो. उघड्या लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. त्यात आमच्या भागात सोयाबीन आणि हळदीबरोबर खताची वाहतूक ठरलेली. खत म्हणजे क्षार. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्या ओलीत गंज झपाट्याने वाढतो. पोटॅशमधले क्लोराइड तर लोखंडाचे वैरीच.

तेव्हा हौद्याला संरक्षण हवे, हे ठरले. प्रश्न राहिला तो कोणते, याचा. मी पुतण्याला म्हटले, "लिंबू-मिरची आपण नाकारली, कारण तिने अपघात टळतो हे कोणी तपासलेले नाही. मग दुकानदाराचा 'जन्मभर' हा शब्द तरी न तपासता का घ्यायचा?" भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले होते: कोणी सांगितले म्हणून नको, परंपरा आहे म्हणून नको, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश बाजारात जाणाऱ्या माणसालाही तेवढाच लागू आहे.

दोघे मिळून पारखायला निघालो. हिंगोली–वाशिम रस्त्यावर वाहनांना तोटा नाही. ओळखीच्या एका चालकाच्या गाडीत तसेच प्लॅस्टिकचे अस्तर होते. त्याच्या परवानगीने आम्ही ते उचलले. खाली ओली रेती साचली होती. गाडी हादरते, अस्तर थरथरते आणि मधली रेती रंगावर पॉलिशपेपरसारखी फिरते. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नाही. वरून चकाचक, खाली तांबडा गंज! चालक बिचारा बघतच राहिला. शिवाय प्लॅस्टिक गुळगुळीत. ब्रेक दाबला की पोती केबिनच्या बाजूला सरकतात, हेही त्यानेच सांगितले.

पुढे वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तिथे चेकर प्लेट टाकण्याचा सल्ला मिळाला. रोज दगड-विटा वाहणाऱ्याला ती योग्यच. पण मी कागदावर आकडे मांडले. आमचा हौदा साधारण आठ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी प्लेटचे वजन तेवढ्या जागेला क्विंटलभर होते. म्हणजे प्रत्येक खेपेला पन्नास किलोची दोन पोती कमी भरायची आणि प्लेट मात्र फुकट फिरवायची. वेल्डिंगच्या आचेने मूळ पत्र्याचा रंग जळतो, तिथून गंज सुरू होतो तो वेगळाच.

फवारून बसवायचा जाड लेपही असतो. तो पत्र्याला चिकटून राहतो, त्यामुळे खाली पाणी शिरत नाही. सगळ्यांत चांगला उपाय तोच म्हणावा लागेल, पण आधी पत्रा नीट घासून साफ केला नाही तर तो सोलून निघतो. काम जाणत्या कारागिराचे आणि खर्च प्लॅस्टिकपेक्षाही जास्त. प्लायवूड पाणी पिऊन फुगते. नुसते गोणपाट ओल धरून ठेवते.

उरली जाड रबरी मॅट. किंमत प्लॅस्टिकच्या मानाने बरीच कमी. पोती सरकत नाहीत, बाजाराला नेलेल्या शेळ्यांचे पाय घसरत नाहीत, आपटलेल्या वस्तूचा मार रबर सोसते. मुख्य म्हणजे ती उचलता येते. खाली काय चालले आहे ते आपल्याला दिसते. मात्र 'जन्मभर बघायला नको' ही सोय तिच्यात नाही. खत वाहिले की मॅट काढायची, हौदा धुवायचा, दोन्ही उन्हात वाळवायचे. बाजू उघड्याच राहतात, त्यांचे ओरखडे वेळेवर रंगवायचे.

पुतण्याचे तोंड अजून उतरलेलेच होते. संध्याकाळी घरी सगळा हिशेब वाचून दाखवला. दादा तोपर्यंत गप्प बसून होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मॅट एकट्याला उचलंल का?"

मी वजन काढले. आठ मिलिमीटर जाडीची एकसंध मॅट चाळीस-पंचेचाळीस किलोच्या घरात जात होती.

दादा म्हणाले, "मग दोन तुकडे कर. जे उचलायला जड, ते माणूस उचलत न्हाई. आन् रबरावर पोतं वढत न्हाई, उचलावं लागतं. फाळक्यापाशी एक गुळगुळीत फळी ठिवा. पोतं तिच्यावरून आत सरकवायचं, काम झालं की फळी काढून घ्यायची. पोराची पाठ वाचंल."

आम्ही दोघे शिकलेले, दिवसभर पत्र्याच्या रंगाची चिंता करीत फिरलो. पाठीची आठवण फक्त त्यांना झाली.

त्याला कारण आहे. दादांनी आणि त्यांच्या आधी आमच्या वडिलांनी हमाली केली. शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यायचे, तेव्हा खाली गोणपाटाची चौपदरी घडी टाकायची. हेच त्यांचे अस्तर. पावसात ते भिजून जड व्हायचे, मिठाची पोती असली की घामाबरोबर क्षार मुरून कातडी सोलायची. वडिलांच्या खांद्याखालचा काळा घट्टा मी लहानपणी हाताने चाचपून बघत असे. महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी 1969 साली कायदा झाला, डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली. पण नाक्यावर सुटे काम करणाऱ्या आमच्या वडिलांपर्यंत त्यातले काही पोचले नाही. युरियाचे पोते 2018 पासून 45 किलोचे झाले, ते दादांची कंबर गेल्यावर.

मालकांनी मालावर ताडपत्री टाकली, गाडीला रंग दिला. पाठीखाली काय घालावे, हा प्रश्न मात्र कोणाला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने स्वतःच ठरवले. होते ते चार ओरखडे घासून रेडऑक्साइड आणि रंग लावला, पाणी जायची भोके तारेने मोकळी केली आणि दोन तुकड्यांची मॅट आणली. हळदीसाठी वेगळी स्वच्छ ताडपत्री ठेवली, म्हणजे अन्नाच्या मालाला रबराचा किंवा खताचा वास लागू नये. वाचलेल्या पैशांतून एक हप्ता आगाऊ भरला. उरलेल्यात मागच्या फाळक्यावर निळ्या अक्षरांत 'जयभीम' रंगवून घेतले. त्या खर्चाला मी हरकत घेतली नाही.

दर रविवारी तो मॅट काढून भिंतीला उभी करतो. वहिनी पाइप धरतात. हौदा अजून नव्यासारखा आहे. 14 एप्रिलला त्यात बाबासाहेबांची प्रतिमा ठेवायची, असे वस्तीने ठरवले आहे. माणसे मात्र सोबत पायी चालतील, कारण मालाच्या गाडीत माणसे भरणे कायद्याने गुन्हा आहे आणि धोक्याचेही.

वडिलांचे एक गोणपाट वहिनींनी अजून जपून ठेवले आहे. परवा पुतण्याने ते मागितले. मला वाटले, हौदा पुसायला. त्याने ते झटकले, घडी केली आणि आपल्या सीटच्या मागे ठेवले.

"आजोबांचं हाय," एवढेच म्हणाला.