डेड स्टॉक

रेडिओ घरात ठेवायचा तर सरकारचा परवाना लागे, हे माझ्या नातीला सांगितलं की तिला वाटतं आजी थापा मारते. कोल्हापूरच्या आमच्या घरात मर्फीचा रेडिओ होता आणि त्याच्या परवान्याचं पुस्तक वडिलांच्या पेटीत घराच्या खरेदीखताला खेटून असे. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, शिक्का मारून आणायचा. ऐंशीच्या दशकात हा प्रकार बंद झाला. पण रेडिओ घरातून नेमका कधी आणि कुठे गेला, हे आता भावंडांपैकी कुणालाच सांगता येत नाही. आला तेव्हा हळदीकुंकू, नारळ, पेढे आणि सरकारदरबारी नोंद. गेला तेव्हा काहीच नाही. खरं तर बरीच वर्षं तो जायचा प्रश्नच आला नव्हता. व्हॉल्व्ह बदलला, कंडेन्सर बदलला की पुन्हा गायला लागे.

लग्न होऊन जयपूरला आले आणि काही वर्षांनी आम्ही हप्त्यावर रंगीत टीव्ही घेतला, व्हिडिओकॉन. औरंगाबादजवळच्या चितेगावला त्यांचा कारखाना होता, आणि परमुलखात आपल्याकडची वस्तू म्हणून मला त्याचं उगाच कौतुक. दोन माणसांनी धापा टाकत जिना चढवला. पुढे भिंतीला टांगायचा चपटा टीव्ही आला, तशी त्याची बदली गच्चीवरच्या खोलीत झाली. तिथे त्याला सोबत मिळत गेली: डेस्कटॉप, दोन प्रिंटर, व्हीसीआर, स्टॅबिलायझर, आणि बुटांच्या खोक्यात मोबाइल, चार्जर, कसल्या कसल्या वायरी. दिवाळीच्या सफाईत हे सगळं बाहेर निघे, पुसलं जाई आणि परत आत जाई. धनत्रयोदशीला नवं यंत्र घरात येई ते वेगळंच.

कॉलेजात शिकवत होते तिथेही हीच कथा, फक्त सरकारी अक्षरात. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे, यंत्रांवर पांढऱ्या खोळी असत. तीच यंत्रं नंतर ‘नाकारा सामान’ झाली, म्हणजे इथल्या सरकारी हिंदीत निकामी, आणि जिन्याखालच्या खोलीत एकावर एक रचली गेली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र प्रत्येकाचा नंबर शाबूत. दरवर्षी पडताळणी होई. माउस सापडला नाही तर खुलासा द्यावा लागे. मेलेल्या वस्तूंची इतकी चोख हजेरी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आमच्या गल्लीत येणारा कबाडी टीव्हीवर बरीच वर्षं डोळा ठेवून होता. त्याला काय हवं होतं हे त्यानेच एकदा मोकळेपणाने सांगितलं. पिक्चर ट्यूबच्या मानेभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, ते. शिवाय स्पीकरचं लोहचुंबक आणि सर्किटची पाटी. आणि काच? ‘काँच का कोई ग्राहक नहीं, भाभीजी.’ त्या काचेत शिसं असतं. ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत आदळून निघणारे क्ष-किरण अडावेत म्हणून ते मुद्दाम घातलेलं. ट्यूब फुटली की तुकडे नाल्याकाठी, पडद्याच्या आतली भुकटी वाऱ्यावर.

तरी सगळा दोष कबाड्याच्या माथी मारणं मला पटत नाही. टाकाऊतलं मोल ओळखणं ही जुनी विद्या आहे. कोल्हापूरच्या गुजरीत सराफांची राख नि केर विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी मी लहानपणी पाहिलेत. जयपूरच्या जौहरी बाजारातही तेच काम करणारे न्यारिये आहेत. मोबाइलच्या पाटीत तर खाणीतल्या मातीपेक्षा कितीतरी पट दाट सोनं. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदकं जपानने लोकांच्या जुन्या फोन-संगणकांतून घडवली, त्यात ३२ किलो सोनं निघालं. फरक इतकाच की सराफाच्या केरात मुख्यतः माती असते. या पाट्यांत शिसं आहे, ब्रोमीन घातलेलं प्लॅस्टिक आहे, आणि ते उघड्यावर जाळलं की त्याचा धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर अशा पाट्यांची काळी राख वर्षानुवर्षं पडत आली.

कायदा आहे. पहिले नियम २०११ साली झाले, १ मे २०१२ पासून लागू. आताचे १ एप्रिल २०२३ पासूनचे, त्यांच्या यादीत १०६ प्रकारच्या वस्तू आहेत. ज्याने यंत्र बनवून विकलं त्यानेच त्याच्या शेवटाची जबाबदारी घ्यायची, नोंदणीकृत रिसायकलरकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रं घ्यायची. कल्पना चांगली. पण यंत्र बनवणाऱ्यापेक्षा जास्त जगलं तर? माझ्या टीव्हीची कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कज्ज्यात गेली. बनवणारा गेला, वस्तू माझ्या गच्चीवर.

हलायला भाग पाडलं ते एका मोबाइलने. जयपूरचा मे महिना, वर तापलेली गच्ची. खोक्यातल्या एका फोनची पाठ फुगून उघडली होती. फुगलेली लिथियमची बॅटरी म्हणजे कधी पेट घेईल त्याचा नेम नाही. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, आणि कचरा न्यायला दारोदार येणाऱ्या हूपरमध्ये तर मुळीच टाकायचं नाही, कारण पुढे तो कचरा दाबला जातो. कोरड्या वाळूच्या डब्यात घालून मी तो फोन बाहेर सावलीत ठेवला आणि नोंदणी असलेला रिसायकलर शोधला.

त्यांच्या माणसाने फोनवर विचारलं, टीव्हीची मान शाबूत आहे का. तांबं काढून घेतलेले, फुटके टीव्ही त्यांना नको असतात. डेस्कटॉपचे थोडे पैसे देऊ, टीव्हीचे नाही, असंही त्याने स्पष्ट सांगितलं. घासाघीस केली नाही. ते येईपर्यंत मुलाने डेस्कटॉपची हार्ड डिस्क पुसून घेतली. फोनमधले फोटो काढता काढता मात्र दोन संध्याकाळी गेल्या, कारण प्रत्येक फोटोवर चर्चा.

टीव्ही उतरवायलाही दोनच माणसं लागली. काट्यावर सगळं एकत्र चढलं आणि पावतीवर एकच ओळ उमटली: मिक्स ई-वेस्ट, इतके किलो. वस्तूंची नावं लिहाल का, असं मी विचारलं. पोरगा म्हणाला, कॉलम नाही. मग मीच त्याच्याकडचं पेन घेऊन पावतीच्या मागे लिहून काढलं, व्हिडिओकॉनपासून चार्जरपर्यंत, आणि त्याला सही करायला लावली. शेजारच्या भाभीजी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. ‘कितने मिले?’ त्यांनी विचारलं. आकडा ऐकून म्हणाल्या, कबाडी जास्त देता. देता, मी म्हटलं, नक्की देता.