मोत्याचा कणा

मोत्या जिना चढेनासा झाला, तेव्हा आम्हांस ते वार्धक्य वाटले. पाठीवरून हात फिरविताच मात्र तो कळवळला. क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांच्या समोरासमोरच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या. रक्तावाटे आलेल्या जंतूंनी, बहुधा स्टॅफिलोकोकसने, मधल्या चकतीत तळ ठोकला होता. शस्त्रक्रियेच्या कल्पनेने आमचाच कणा ढिला पडला; पण पाय लुळे पडले नसल्याने तिची गरज नाही, असे पशुवैद्य म्हणाले. रक्त व लघवी तपासणीस धाडून त्यांनी सेफॅलेक्सिन, वेदनाशामक औषध व सक्तीची विश्रांती सांगितली. मुदत निदान ८ आठवडे.

पाचव्या दिवशी मोत्याने शेपटी हलविली. तिसऱ्या आठवड्यात तो धावू लागला आणि आम्ही आपल्या शहाणपणाने गोळ्या थांबविल्या. पंधरवड्यात तो पुन्हा कण्हू लागला. दोष औषधाचा नव्हता; शेपटीचा दाखला आम्ही पुरेसा मानला होता. वेदना लवकर जाते, हाडातील जंतू सावकाश जातात.

पुन्हा आरंभ केला. या खेपेस क्ष-किरण चित्रात हाड स्थिरावलेले दिसेपर्यंत, म्हणजे ६ महिने, एकही गोळी चुकविली नाही. मोत्या आता जिना चढतो. सकाळ-संध्याकाळ आमचा हात अजूनही गोळ्यांच्या डब्याकडे जातो.