शब्द कुणाचा?

निबंध तपासता तपासता परवा माझे डोके ठणकू लागले. त्यातच एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "आईने मला झेरॉक्स आणायला पाठवले." मी तांबड्या पेन्सिलीने शब्दाभोवती वर्तुळ काढले, वर 'छायाप्रत' असे लिहिले आणि एक गुण कापला.

"अहो, अ‍ॅस्पिरिन घ्या आणि पडा जरा," असे म्हणत सौभाग्यवतींनी गोळी पुढे केली.

गोळी हातात घेतली आणि एक जुना खटला आठवला. 'अ‍ॅस्पिरिन' हे मुळात बायर या जर्मन कंपनीने १८९९ साली आपल्या मालाला दिलेले नाव. औषधाचे नाव अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक अ‍ॅसिड. पण डोके दुखत असताना एवढे लांबलचक नाव घेणार कोण? अमेरिकेत बायर कंपनी बरीच वर्षे औषधाची पूड गोळ्या करणाऱ्यांना विकी, आणि ते आपापल्या नावाने 'अ‍ॅस्पिरिन' विकीत. बायरचे नाव गिऱ्हाइकाच्या कानीही पडत नसे! १९१७ साली पेटंट संपले. पुढे 'अ‍ॅस्पिरिन' हे नाव वापरल्याबद्दल अमेरिकेतील बायर कंपनीने युनायटेड ड्रग कंपनीला न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात खेचले.

न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९२१ साली निकाल दिला. त्यांचा प्रश्न साधा होता: हा शब्द ऐकून गिऱ्हाईक काय समजते? डॉक्टर, औषधविक्रेते आणि कारखानदार यांना तो बायरचा माल वाटे; तिथे नाव बायरचे. सामान्य माणसाला मात्र ती नुसती डोकेदुखीची गोळी वाटे. तिथे नाव सर्वांचे!

मी उठून बसलो. शब्दाची मालकी लोकांच्या तोंडाला विचारून ठरवायची, हे एका न्यायाधीशाला सुचावे; आणि मराठी शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या मला सुचू नये? आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातले यंत्र दुसऱ्याच कंपनीचे आहे. तरी मीसुद्धा तिथे जाऊन 'झेरॉक्स'च मागतो. त्या मुलाच्या आईने तेच म्हटले असणार. तिच्या तोंडी 'छायाप्रत' घालणारा मी कोण?

प्राचार्यांच्या अर्जात मी 'छायाप्रत'च लिहीन. पण त्या निबंधावरचे वर्तुळ खोडले आणि गुण परत दिला.

डोके उतरले ते गोळीने की निकालाने, कोण जाणे!