शालीचा निराळा कोपरा

हिंजवडी, ता. मुळशी

चि. भाचीस,

मांजराने लोकरीच्या विणकामावर लघवी केली, तर पुष्कळदा ती दुखण्याची पहिली खूण असते. घराघरांत मात्र तिला खोड म्हणतात, सूड म्हणतात, नाहीतर लाडावून ठेवल्याचे फळ. पार्सलमधून आलेल्या शालीचा एक कोपरा निराळ्या धाग्याचा आहे, त्याचे कारण हेच. इथल्या बोक्याच्या मूत्राशयाला सूज आली आणि त्याने नेमका तो कोपरा निवडला. तेवढा भाग उसवून नव्याने विणावा लागला. तुझ्या स्टुटगार्टच्या घरातही आता एक बोका आला आहे, तेव्हा ही हकीकत मुळापासून लिहिलेली बरी.

निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करते. ट्रेमधली वाळू उकरते, काम उरकते, झाकून निघून जाते. मूत्राशयाला सूज आली की लघवी करताना आग होते, आणि मांजर त्या आगीचे खापर ट्रेवर फोडते. मग ते दुसरी जागा शोधते. कधी ती मऊ, ओल शोषून घेणारी असते, म्हणजे अंथरूण, पायपुसणे, अर्धवट विणलेला स्वेटर. तर कधी अगदी गुळगुळीत, गार, म्हणजे बाथरूमची फरशी किंवा बेसिन. सोबत इतर खुणाही दिसतात. मांजर पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन कुंथते, थेंब-दोन थेंबच होतात, त्यात रक्ताची लाली असते, मागचा भाग सतत चाटला जातो. कुंथताना पाहून बहुतेकांना बद्धकोष्ठच वाटते. ओल लागताच गोळा होणारी बेंटोनाइटची वाळू असेल तर निदान सोपे होते, कारण रोज ट्रे साफ करताना गोळे किती आणि केवढे हे दिसते. (ही बेंटोनाइट माती आपल्या कच्छात निघते आणि मांजरांच्या ट्रेसाठी परदेशातही जाते.) गोळे लहान आणि संख्येने जास्त झाले तर सूज. गोळेच नसतील तर संकट.

संकट मुख्यतः बोक्यांवर येते. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो. बोक्याचा लांब, आणि टोकाकडे जेमतेम एक मिलिमीटरचा. चिकट स्राव, स्फटिक आणि सुजेतून सुटलेल्या पेशी यांचा बुळबुळीत बोळा तिथे अडकतो, किंवा आतले स्नायू आवळून बसतात, आणि लघवी तुंबते. मूत्रपिंडांचे काम उलट दाबाने थांबत येते, रक्तातले पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके मंदावतात. एक-दोन दिवसांतच उलट्या, ग्लानी, अन्नावरची वासना जाणे अशी लक्षणे दिसतात. उपचार न झाल्यास बोका दगावतो. म्हणून या घरात एकच नियम आहे: बोका कुंथतो आहे आणि वाळू कोरडी आहे, एवढे दिसले की सकाळची वाट पाहायची नाही. पोट दाबून पाहायचे नाही, कारण तट्ट फुगलेले मूत्राशय फाटू शकते. दवाखान्यात बोक्याला गुंगी देऊन कॅथेटर घालतात, सलाईन लावतात आणि एक-दोन दिवस, कधी अधिक, ठेवून घेतात. मार्ग मोकळा झाल्यावर लघवीचा पूर येतो. त्यात पाणी आणि क्षार फार निघून जाऊ नयेत म्हणून सलाईनचा हिशेब त्यावर बसवावा लागतो. वारंवार तुंबत असेल तर टोकाचा अरुंद भाग काढून रुंद तोंड करून देण्याची शस्त्रक्रिया आहे.

हिंजवडीत या नियमाला रस्त्याची बाजू आहे. संध्याकाळी कंपन्या सुटल्यावर आयटी पार्कच्या फेज एकमधून वाकडच्या पुलापर्यंत पोचायलाच किती वेळ जाईल याचा नेम नाही. शिवाय पोचायचे कुठे, हाही प्रश्न असतो: महाराष्ट्रातली पशुवैद्यकीची घडण मुळात गाय, म्हैस, घोडा यांच्याभोवती झाली. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६चे, शिरवळचे १९८८चे. पण गावच्या बोलीत प्राण्यांचा दवाखाना अजून 'गुरांचा दवाखाना'च आहे. मांजरांवर हात बसलेले डॉक्टर शहरात वाढले ते अलीकडे. रात्री उघडा असणारा आणि कॅथेटर घालण्याची सोय असणारा दवाखाना कोणता, हे बोका ठणठणीत असतानाच विचारून ठेवलेले चांगले. स्टुटगार्टलाही हेच लागू आहे.

आता सूज येते कशाने, याकडे. या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या शतकात तीनदा बदलले, आणि या दुखण्याच्या इतिहासात सर्वांत वाचनीय भाग तोच आहे. १९७०मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी या साऱ्या तक्रारींना 'फेलाइन युरोलॉजिक सिंड्रोम' असे एक मोघम नाव दिले. संशय आधी खाद्यातल्या 'राखे'वर गेला. राख म्हणजे खाद्य जाळल्यावर उरणारे खनिज. पुढे तो एकट्या मॅग्नेशियमवर येऊन थांबला, कारण बोक्यांच्या बोळ्यांत आणि खड्यांत स्ट्रुवाइट हे मॅग्नेशियमचे स्फटिक सापडत. १९८०च्या दशकात खाद्य बनवणाऱ्यांनी मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी आम्लधर्मी होईल असे मिश्रण बसवले. स्ट्रुवाइट खरोखर कमी झाले, पण त्याची जागा कॅल्शियम ऑक्झलेटने घेतली. मिनेसोटा विद्यापीठातल्या केंद्रात देशोदेशीचे मुतखडे तपासले जातात. १९८१मध्ये तिथे आलेल्या मांजरांच्या खड्यांत शंभरातले सुमारे ७८ स्ट्रुवाइटचे होते, ऑक्झलेटचे जेमतेम दोन. या शतकाच्या सुरुवातीला ऑक्झलेट निम्म्याहून वर गेले होते. स्ट्रुवाइटचा खडा विशिष्ट आहाराने काही आठवड्यांत विरघळतो, ऑक्झलेटचा विरघळत नाही. तो काढावाच लागतो. एक खिडकी लावली आणि वारा दुसरीतून आला.

तोवर एक गोष्ट ध्यानात येत होती. या तक्रारी असलेल्या तरुण मांजरांपैकी निम्म्याहून अधिकांत खडा सापडत नव्हता, जंतूही सापडत नव्हते. सूज मात्र खरी होती. या दुखण्याला १९९०च्या दशकात 'फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस' हे नाव रुळले, म्हणजे कारण हाती न लागणारी मूत्राशयाची सूज. बायकांना होणाऱ्या अशाच एका चिवट दुखण्याशी तिचे साम्य होते, आणि ओहायो स्टेट विद्यापीठातल्या टोनी बफिंग्टन यांनी तोच धागा धरला. त्यांच्या चमूला या मांजरांची ताणाला उत्तर देणारी यंत्रणाच वेगळी आढळली: मज्जासंस्था सदा सावध आणि तो सावधपणा आवरणारे कॉर्टिसॉल अपुरे. २००६मध्ये त्यांनी ४६ घरगुती मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधांवर भर न देता घर बदलले: लपायला जागा, चढायला उंची, खेळ, स्वच्छ ट्रे, ठरावीक वेळा. दहा महिन्यांच्या पाठपुराव्यात लघवीच्या तक्रारी लक्षणीय कमी झाल्या. २०११मध्ये बफिंग्टन यांनी याला 'पँडोरा सिंड्रोम' म्हणावे असे सुचवले, कारण मूत्राशय हे रोगाचे घर नसून फक्त दार असते. अशा मांजराची त्वचा, पोट, स्वभाव यांतही गडबड आढळते. नाव भारदस्त आहे. दवाखान्यात फारसे कोणी वापरत नाही.

मांजराला ताण कसला, हा प्रश्न हिंजवडीत राहणाऱ्याने तरी विचारू नये. वरच्या मजल्यावर फरशा बदलायला लागलेला ड्रिल, शेजारच्या भूखंडावरचा ब्रेकर, मेट्रोचे काम, दिवाळीचे फटाके, चैत्री पौर्णिमेच्या सुमारास म्हातोबाच्या बगाडाचे ढोल. माणसांचे वेळापत्रक हा त्याहून मोठा ताण. करोनाच्या काळात आयटी पार्कमधली माणसे दिवसभर घरी बसली, मांजरांना त्याची सवय झाली, आणि मग एका सोमवारपासून घर सकाळी रिकामे होऊ लागले. आठवडाभर राहायला आलेले पाहुणे, हलवलेला सोफा, खिडकीबाहेरच्या कठड्यावर फिरणारा परका बोका, हे सगळे त्यात धरायचे. नसबंदी झालेले, चौथ्या-पाचव्या मजल्याखाली कधी न उतरणारे, अंगाने सुटलेले बोके या दुखण्याला अधिक बळी पडतात. फ्लॅटमधले बहुतेक बोके असेच असतात.

विणकामाचा संबंध इथे पुन्हा येतो. ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची, हातांची संथ हालचाल आणि आवाज जवळजवळ नाही: क्रोशाला बसलेले माणूस मांजराच्या दृष्टीने घरातली सर्वांत भरवशाची वस्तू असते. कोणत्याही अभ्यासात हे मोजलेले नाही, हा निव्वळ घरातला अनुभव आहे. पण बफिंग्टन यांच्या सल्ल्याशी तो जुळतो. बोक्यासाठी उंचावर विणलेली गादी आणि नखे घासायला सुतळी गुंडाळलेला खांब, एवढी सोय महाग नाही. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा, आणि तो वॉशिंग मशीनच्या शेजारी नको.

उरलेले काम पाण्याचे. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले; त्यांची मूत्रपिंडे लघवी फार दाट करतात आणि तहान मंद असते. उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते, म्हणून वाड्यातल्या मांजराचे पाणी शिकारीतूनच भागे. पाकिटातल्या कोरड्या खाद्यात ते दहा टक्क्यांच्या आसपास, पाऊचमधल्या ओल्या खाद्यात पाऊणशे टक्क्यांहून अधिक. चार किलोच्या बोक्याला अन्नातले धरून दिवसाला सुमारे दोनशे मिलिलिटर पाणी लागते, आणि कोरड्या खाद्यावरचा बोका ती तूट वाटीतून पुरती भरून काढत नाही. ओले खाद्य, किंवा मीठ-मसाला-कांदा न घातलेल्या शिजवलेल्या चिकनचे पाणी, हा उपाय साधा आणि खात्रीचा. घरभर रुंद तोंडाच्या वाट्या ठेवाव्यात, खाण्यापासून दूर. सुकट-बोंबील प्रेमाने दिले जातात. त्यांत मीठ फार, आणि पाणी जवळजवळ नाहीच. हिंजवडीत सगळे खापर टँकरच्या जड पाण्यावर फोडायची पद्धत आहे, पण पाण्याच्या जडपणामुळे मांजरांना खडे होतात असे सिद्ध झालेले नाही. पाणी कसले यापेक्षा किती, हा प्रश्न महत्त्वाचा.

घरगुती औषधांबद्दल थोडक्यात. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करण्याची यकृताची ताकद मांजरात फारच अपुरी असते. माणसांच्या मुतखड्याचे सिरप तुंबलेली लघवी सोडवत नाही, वेळ मात्र खाते. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचित असतो, म्हणून लघवी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. वेदनाशामक मात्र डॉक्टरांकडून जरूर घ्यावे. ही सूज बहुधा आठवड्याभरात आपोआप उतरते, त्यामुळे त्या आठवड्यात जे काही दिले जाते त्याला गुण आल्याचे श्रेय मिळते.

लोकर धुणे हा प्रकार स्वतंत्र आहे. लघवीचा वास राहिला की बोका त्याच जागी परत येतो, म्हणून वास पुरता जायला हवा. फिनेल वापरू नये. त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये मांजराला विषारी. डागांवर मिळणारी एन्झाइमची द्रावणे फरशीवर उत्तम, पण त्यांतली प्रथिने पचवणारी एन्झाइमे खऱ्या लोकरीलाही पचवतात, कारण लोकर म्हणजे प्रथिनच. ब्लीचनेही लोकर विरते. गार पाणी, थोडा पांढरा व्हिनेगर, मग लोकरीचा सौम्य साबण, पिळणे नाही, सावलीत आडवे वाळवणे. गरम पाण्यात चोळली तर लोकर आकसून नमद्यासारखी घट्ट होते. पुण्याच्या बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा धागा बहुतेक लुधियानाकडचा ॲक्रिलिक असतो. त्याला एन्झाइमचे भय नाही. ओळखायचे तर एक तुकडा जाळावा. खरी लोकर जळालेल्या केसांसारखा वास मारते आणि बोटांत चुरडली की राख होते. ॲक्रिलिक वितळून टणक मणी बनते. पार्सलमधली शाल खऱ्या लोकरीची आहे, नवा कोपरा ॲक्रिलिकचा. त्यामुळे धुतल्यावर दोन्हींचा पोत निराळा राहील.

शेवटचा भाग धाग्याचा. चित्रांतले मांजर लोकरीच्या गुंड्याशी खेळते, आणि डॉक्टर त्या चित्रावर खूश नसतात. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, तोंडात गेलेला धागा बाहेर थुंकता येत नाही. एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, दुसरे आतड्यात पुढे सरकते, आणि आतडे त्यावर चुण्या पडल्यासारखे गोळा होऊन कधी चिरले जाते. सुईसकट धागा गिळलेला असेल तर आणखी वाईट. तोंडातून किंवा मागून टोक दिसले तरी ओढू नये, कापूही नये. तसेच दवाखान्यात न्यावे. धागा गिळलेले मांजर सुस्त पडते, उलट्या करते, खात नाही. लघवी तुंबलेला बोकाही अगदी असाच दिसतो. म्हणून डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात: ट्रेमध्ये शेवटचा ओला गोळा कधी दिसला, आणि घरात लोकर, सुतळी किंवा शिवणाचा दोरा उघडा होता का. उघडा राहू नये यासाठी झाकणाचा डबा पुरतो. टोपलीचा उपयोग नाही, बोके ती पाडतात.

तुझी मावशी