देणं

नेरुळ,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. सोनूस,


गुरुवारी तू ऐरोली स्टेशनवरून फोन केलास. मागे गाडीची घोषणा चालली होती आणि त्या गडबडीत तू विचारलंस, "मावशी, ऑफिसने स्वयंसेवेचं काम माझ्याकडे दिलंय. ऑक्टोबरमध्ये दान उत्सव आहे. चारशे माणसं आहेत, एक शनिवार आहे, थोडा निधीही जमेल. काय करू?" मी विचार करून सांगते म्हटलं. गेले तीन दिवस तुझा प्रश्न डोक्यात आहे. उत्तर लांबलं, म्हणून पत्र.

आधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती कळली की पुढचं सगळं कळेल. १९९३ साली मी तुझ्याच वयाची होते, तुर्भ्याच्या एका कारखान्यात हिशेब विभागात कामाला. गणपती विसर्जनाच्या रात्री माणसं मिरवणुका आटोपून झोपली होती आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे ठरलं, सगळ्यांनी एका दिवसाचा पगार द्यायचा. झाडूवाल्या मावशींपासून मॅनेजरपर्यंत एकानेही कुरकुर केली नाही. पगारपत्रकावर ती कपात मी स्वतः मांडली. घरोघरचे कपडे जमले, एक ट्रक भरला आणि ट्रकबरोबर आम्ही पाचजण गेलो.

किल्लारीकडे जाताना औशाच्या पुढे रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. नायलॉनचे फ्रॉक, लग्नातल्या साड्या, टाचांच्या चपला. आमच्यासारखेच कितीतरी ट्रक येऊन गेले होते. एका पत्र्याखाली बसलेल्या बाईने मला विचारलं, "बाई, कंदील हाय का वो?" रात्री अंधार, ढिगाऱ्यात विंचू-साप, कडेवर लेकरू. आमच्या ट्रकमध्ये कंदील नव्हता, एकही नाही. आम्ही ढिगात आणखी एक ढीग टाकला आणि परत आलो. आमचं मन खोटं नव्हतं गं. पण काय द्यायचं, किती द्यायचं, हे आम्ही तुर्भ्यात बसून ठरवलं होतं.

त्याच किल्लारीत पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने दुसरं काम केलं. संघटनेच्या शांतिलाल मुथांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. वाघोलीला त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय झाली. मूल घरात आणलं की ते शिकून पायावर उभं राहीपर्यंत तुम्ही बांधलेले असता. ट्रक रिकामा करून परत फिरणं आणि मुलाचं बोट धरणं यातला फरक मला तेव्हापासून कळला.

आपल्या भाषेत 'देणं' या शब्दाला दोन अर्थ आहेत. देणं म्हणजे देण्याची क्रिया, आणि देणं म्हणजे ऋण. 'मी त्याचं देणं लागतो' म्हणतो ना आपण, तसं. तुझ्या आजोळी लावणीला सावड असायची. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. घाटावर इर्जिक असायची, अडलेल्याची नांगरट सगळा गाव बैल घेऊन एका दिवसात उरकायचा. त्यात कुणी दाता नव्हता आणि कुणी याचक नव्हता. तुझ्या ऑफिसने 'दान' हा शब्द फलकावर खुशाल लिहावा, पण मनात 'देणं' धरावं, असं मला वाटतं.

आणि आपलं देणं आहे, सोनू. आपण पितो ते पाणी कुठून येतं, कधी विचारलंस? आपल्या नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, खालापूर तालुक्यात धावरी नदीवर, मोरबे. इर्शाळगड चढताना त्या धरणाचं पाणी खाली पसरलेलं दिसतं. त्याच गडाच्या कुशीत ठाकरांची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगर तिच्यावर आला. वर जायला रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रं चढवता आली नाहीत. माणसांनी पाऊलवाटेने चिखलातून चढून कुदळ-फावड्यांनी शोध घेतला. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. आपल्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी मदतीला जाताना त्या चढावरच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. ते कर्मचारीच होते, तुझ्या-माझ्यासारखे पगारावरचे. 'कर्मचारी आणि समाज' असा विषय निघाला की मला ते आठवतात.

वाचलेल्यांना आधी कंटेनरच्या खोल्यांत ठेवलं, मग चौक गावाजवळ सिडकोने पक्की घरं बांधली. घर झालं. पण डोंगरावरचं रान, नाचणीचा तुकडा आणि करवंदं-जांभळांचा हंगाम यांवर चाललेला संसार सपाटीवर कसा चालवायचा, हा प्रश्न घराच्या चावीने सुटत नाही. घटना घडते तेव्हा सगळे धावतात. तिसऱ्या वर्षी कोण जातं?

परिसराचं हे देणं तुमच्या कंपनीला कायदाही सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यायचं, हेही त्यात लिहिलं आहे. हे सगळं कंपनीचं झालं. तुझ्या सहकाऱ्यांचा शनिवार आणि त्यांच्या खिशातले पाचशे रुपये कुठल्याही कलमात बसत नाहीत. ते त्यांचे स्वतःचे आहेत, म्हणून ते जास्त जपून वापरायला हवेत.

कसे वापरावे, त्याचं एकच सूत्र सांगते: तारीख घेणाऱ्याची असावी.

रक्ताचं उदाहरण घे. खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या प्लेटलेट्स औषधांमुळे खाली येतात आणि त्या पुन्हापुन्हा चढवाव्या लागतात. लाल पेशी साठवणीत महिनाभराहून थोड्या जास्त टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. दान उत्सवात २ ऑक्टोबरला दोनशे जणांनी रांग लावली तर त्या प्लेटलेट्स दसऱ्याच्या आठवड्यातच संपणार. मे महिन्यात कॉलेजं बंद, दिवाळीत ऑफिसं रिकामी, तेव्हा रक्तपेढ्यांत खडखडाट असतो. पुरुषाला ९० दिवसांनी आणि बाईला १२० दिवसांनी पुन्हा रक्त देता येतं. नुसत्या प्लेटलेट्स यंत्रावर दिल्या तर ४८ तासांनीही चालतं, फक्त त्या खुर्चीत तास-दीड तास बसावं लागतं. चारशे माणसांचे बारा भाग केलेस तर महिन्याला तेहेतीस होतात. त्यांतले दहा जरी पात्र ठरले आणि रक्तपेढी बोलावेल त्या दिवशी गेले, तरी वर्षभर तिला फोन करायला एक हक्काचा क्रमांक मिळेल.

खाडीचंही तसंच आहे. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. सफाईला जायला सगळ्यांनाच आवडतं, आणि ती करावीच. पण भरती दिवसातून दोनदा येते आणि प्लास्टिक घेऊनच येते. शिवाय तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. झाड त्यांतून श्वास घेतं. शंभर माणसं बूट घालून तिथे एकदम उतरली तर कचरा निघतो आणि मुळं मोडतात. म्हणून आधी दिवाळे किंवा सारसोळे गावच्या कोळीबांधवांकडे जा. ओहोटी किती वाजता, पाय कुठे ठेवायचा, जाळ्यात काय अडकून येतं, हे त्यांना विचारा. त्यांच्या मागून वीसच माणसं गेली तरी चालेल, पण दर महिन्याच्या ठरलेल्या ओहोटीला जावीत.

झाडांचं तर तुला माहीतच आहे. दर जुलैला खारघरच्या टेकड्यांवर रोपं लागतात आणि उन्हाळ्यात गवताला वणवा लागला की जातात. जुलैत लावलेली रोपं मोजू नका, मेमध्ये उभी असलेली मोजा. जाळरेषा काढायला आणि पाण्याचे कॅन वर न्यायला फेब्रुवारी-मार्चमध्ये माणसं लागतात. तेव्हा कुठलाच उत्सव नसतो, पण रोपाला तहान तेव्हाच असते.

आता पैशांबद्दल. तुमच्यातल्या प्रत्येकाच्या पगारातून घराचा नाहीतर गाडीचा हप्ता जातो. ५ तारखेला जातो म्हणजे जातोच, पाऊस असो, सण असो. समाजाचा तसा एक हप्ता लावा. शंभर रुपये का असेना, पण दरमहा आणि निदान तीन वर्षं. एकदम आलेल्या चाळीस हजारांतून छोटी संस्था कपाट घेईल. दरमहा चाळीस हजार येणार हे ठाऊक असेल तर ती एक शिक्षिका नेमू शकते. मी आयुष्यभर हिशेब लिहिले, हा फरक मला खात्रीने सांगता येतो. देताना पावती घ्या. रोखीत २००० रुपयांवर दिलं तर दानावरची करसवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. तुझ्या बरोबरीची बरीच मुलं नव्या प्रणालीत आहेत. हे त्यांना आधीच स्पष्ट सांग. सवलत नाही हे कळूनही जो देईल त्याचा हप्ता चुकणार नाही.

हातांनी राबण्याइतकंच डोक्याने राबणंही मोलाचं आहे, हे विसरू नकोस. सार्वजनिक न्यासांना दरवर्षी लेखापरीक्षण करून धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावा लागतो. पनवेल-कर्जतच्या कितीतरी छोट्या संस्थांत मुलांना जेवू घालणारी माणसं उत्तम असतात, पण पावत्यांच्या पिशव्या बघून त्यांना घाम फुटतो. तुमच्यात लेखापाल आहेत, संगणकवाले आहेत. अशा संस्थेच्या ओट्यावर बसून चार शनिवार पावत्या लावून दिल्या, तिच्या माणसाला तक्ता भरायला शिकवलं, तर ती मदत भिंत रंगवण्यापेक्षा जास्त दिवस टिकेल. भिंत तिथला रंगारीही रंगवेल, आणि त्याला रोजगारही मिळेल.

आणि फोटो. कंपनीला फोटो लागतील, मला कळतं. खाडीचा काढा, झाडाचा काढा, स्वतःचे चिखलाने भरलेले हात दाखवा. वही घेताना मुलाचा काढू नका. मुलाला पाचवीत मिळालेली वही दहावीत आठवत नाही, पण ती घेताना सगळ्यांसमोर उभं केलेलं आठवतं. सावडीत कुणी कुणाचा फोटो काढला नसता.

तर माझा सल्ला असा. या वेळचा शनिवार कुठल्याही कार्यक्रमावर खर्च करू नकोस. चारशेजणांना घेऊनही जाऊ नकोस. पाचजण जा, रिकाम्या हाताने. चौकला जा, खाडीवर जा, रक्तपेढीत जा. काहीही वाटायचं नाही, कुठलं आश्वासन द्यायचं नाही. बसायचं, चहा दिला तर घ्यायचा आणि विचारायचं की तुम्हाला कधी, काय आणि किती दिवस लागतं. ते म्हणतील ते वहीत लिहून घ्यायचं. त्यातलं झेपेल असं एकच निवडायचं आणि तिथे तीन वर्षं जात राहायचं. साहेबांना हे पटवणं सोपं नाही. एका दिवसाचा कार्यक्रम अहवालात चांगला दिसतो. पण तुझ्यावर हे काम सोपवलंय ते तू नीट बोलतेस म्हणून, तेव्हा नीट बोल.

बत्तीस वर्षं झाली, ती कंदील मागणारी बाई अजून डोळ्यांसमोर येते. तिला मी परत भेटायला गेले नाही. जायला हवं होतं.

बुधवारी गणपती बसतोय. आरतीला ये, मोदक ठेवते. येताना वही आण, चौकला जायचं ठरलं तर मीही येईन. बाकी भेटीत. नळाला पाणी आलंय, भरून घेते.

तुझी,
मावशी