राईनपाड्यानंतर

१ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला असलेल्या राईनपाडा गावात आठवडेबाजार भरला होता. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि तिथेच बेदम मारून त्यांचा जीव घेतला. त्यातले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारे. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. त्याच रात्री आमच्या धुळ्यापासून जवळच असलेल्या मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं. पोलीस वेळेत पोचले म्हणून ते कुटुंब वाचलं.

मी धुळ्यात देवपुरात संगणकाचे वर्ग घेतो. लिनक्स, टर्मिनल, थोडं नेटवर्किंग. तोवर मी पोरांना फायली कशा शोधायच्या, लॉग कसे वाचायचे, सर्व्हर कसा उभा करायचा, एवढंच शिकवत होतो. पुण्या-नाशकाला नोकरी लागावी हाच त्यामागचा हेतू. राईनपाड्याच्या मारहाणीचं चित्रण त्या संध्याकाळी माझ्याही फोनवर आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाचंच शिकण्यात लक्ष नव्हतं. साक्रीकडून एसटीने येणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, पोरं पळवायचा तो व्हिडिओ आमच्या गावात सगळ्यांकडे आहे. माझी आई रोज विचारते, ‘भाऊ, हाई खरं शे का?’ मी तिला काय सांगू? तुम्ही शिकवता त्या कमांडनी हे कळतं का?”

मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. आम्ही ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि तो व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावला. गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवर दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि पसार होतात. व्हिडिओ तिथेच संपतो. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, त्यामुळे पुन्हा नीट पाहायची कुणाची हिंमत होत नाही. एफएफएमपेग नावाची एक मोफत प्रणाली आहे. तिला एका ओळीची कमांड दिली की व्हिडिओतल्या दर सेकंदाचं एकेक चित्र वेगळं करून ती फोल्डरमध्ये ठेवते. चित्रं सुटी झाली की भीती थोडी ओसरते आणि नजर तपशिलाकडे जाते. मुलांचे कपडे, भिंती, घरांची दारं. यातलं काहीच खानदेशातलं वाटत नव्हतं. मग त्यातली स्पष्ट चित्रं आम्ही इंटरनेटवर चित्रावरून मूळ शोधणाऱ्या चित्रशोधात टाकली. पाव तासात मूळ फिल्म सापडली. ती कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. मूळ फिल्मच्या शेवटी मोटरसायकलवाले परत येतात, मूल सोडून देतात आणि ‘मुलांवर लक्ष ठेवा’ असं सांगणारा फलक दाखवतात. नेमका हा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. त्या दिवसांत ओळीने ठेवलेल्या मुलांच्या मृतदेहांचं एक चित्रही फिरत होतं. ते २०१३ सालच्या सीरियातल्या रासायनिक हल्ल्याचं निघालं.

त्या मुलाने पूर्ण फिल्म फोनवर घेतली आणि गावी नेऊन आईला शेवटापर्यंत दाखवली. मग आईनेच शेजारणींना बोलावून आणलं. ‘खोटं आहे’ एवढं सांगून भागत नाही, कापलेला भाग डोळ्यांनी दाखवावा लागतो, हे आम्ही त्या घरातून शिकलो. त्यानंतर आम्ही साक्री तालुक्यातल्या गावांत जाऊन हेच दाखवू लागलो. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि अहिराणीत बोलणारी पोरं.

त्याच महिन्यात वरच्या पातळीवरही हालचाली झाल्या. व्हॉट्सॲपने १० जुलैला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली, आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हिंसेबद्दल निकाल दिला आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं. सोबत एक मागणी जोर धरू लागली : अफवा पहिल्यांदा पाठवली कुणी, ते शोधता आलंच पाहिजे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे निरोप दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, मधल्या कुणालाही ते वाचता येत नाहीत. ते कुलूप उघडा, असा त्या मागणीचा अर्थ होता.

जळगावात आमचा रविवारचा एक गट आहे. गोलाणी मार्केटमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत काम करणारी पोरं, विद्यापीठाचे काही विद्यार्थी आणि न्यायालयात वकिली करणाऱ्या एक ताई. २०२१ च्या फेब्रुवारीत माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले तेव्हा वकीलताईंनी नियम ४ चा दुसरा उपनियम आम्हाला वाचून दाखवला. ज्यांचे ५० लाखांहून जास्त वापरकर्ते आहेत अशा निरोपसेवांनी, गंभीर गुन्ह्यात आदेश आल्यास, निरोपाचा पहिला पाठवणारा शोधून दिला पाहिजे. ताई या नियमाच्या बाजूच्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, पाच माणसं गेली. पोलिसांच्या हाती कायद्याने काही द्यायला नको का?” त्यांची कळकळ खरी होती, म्हणून आम्ही उत्तर वादात शोधलं नाही. प्रयोग करून पाहिला.

आमच्यातल्या काही जणांनी आपापल्या गावच्या ग्रुपच्या २०१८ मधल्या चॅट एक्स्पोर्ट केल्या. त्यातून मजकुराची साधी फाइल मिळते. सर्वांत आधी सेड ही कमांड वापरून आम्ही त्यातली नावं आणि नंबर पुसून टाकले व त्या जागी अ, ब, क अशी अक्षरं घातली. दुसऱ्यांचे निरोप अभ्यासायचे तर हे पथ्य पाळावंच लागतं. मग ग्रेप या शोधाच्या कमांडला ‘पळव’ एवढा शब्दाचा तुकडा दिला. तो ज्या ज्या ओळीत होता त्या सगळ्या ओळी तारीख-वेळेसह समोर आल्या. त्या पाहून खोलीत सगळे गप्प झाले. एकाच ग्रुपमध्ये तीच अफवा वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या दिशांनी, थोड्या थोड्या वेळाने येत होती. कुणी त्यात आपल्या तालुक्याचं नाव घातलं होतं. कुणी ‘पोलिसांनी कळवलं आहे’ एवढं जोडलं होतं. पाठवणाऱ्यांत मामा होते, शिक्षक होते, बचत गटातल्या बाया होत्या. बहुतेकांनी खाली ‘काळजी घ्या’ असं लिहिलं होतं.

मग मी शा-२५६ दाखवलं. कोणत्याही फाइलवर ही कमांड चालवली की ६४ अक्षरांचा एक हॅश मिळतो, त्या फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइल तीच असेल तर हॅश तोच येतो. निरोपांना असा हॅश चिकटवून पहिला पाठवणारा शोधता येईल, ही कल्पना त्या काळात सरकारी पातळीवरही चर्चेत होती. आम्ही अफवेचा मजकूर घेतला आणि त्यात फक्त एक पूर्णविराम वाढवला. हॅश पूर्ण बदलला. म्हणजे ज्याला लपायचं आहे त्याने एक टिंब दिलं की तो सुटला. सापडणार कोण, तर जसाच्या तसा निरोप पुढे पाठवणारी घाबरलेली आई. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या खटल्यात आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कामकोटी यांनी निरोपासोबत पाठवणाऱ्याची माहिती जोडायचा प्रस्ताव दिला होता, तेव्हा आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी त्याच्या उणिवा दाखवल्या होत्या. जळगावच्या त्या खोलीत पोरांनी आपल्या हातांनी करून पाहिल्यावर तो वाद त्यांना समजला.

वकीलताईंनी नियम पुन्हा वाचला आणि त्या एका वाक्यावर थांबल्या. मूळ पाठवणारा देशाबाहेरचा असेल, तर भारतातला पहिला पाठवणारा हाच मूळ पाठवणारा मानावा, असं त्यात म्हटलं आहे. ती फिल्म तर कराचीची. तिचा शेवट कुणी कापला हे कळायची शक्यता नाही, पण ती भारतात पहिल्यांदा ज्याच्या फोनवर आली आणि ज्याने भाबडेपणाने पुढे पाठवली, तो मात्र कायद्याच्या नजरेत ‘मूळ’ ठरेल. शिवाय उद्या कुणाचाही पहिला पाठवणारा शोधता यावा म्हणून आज प्रत्येकाच्या प्रत्येक निरोपाची नोंद ठेवावी लागेल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं एकमताने सांगितलं, त्याच्याशी हे कसं जुळणार? व्हॉट्सॲपने या नियमाला मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ताईंनी मात्र प्रयोगाच्या त्या दिवशीच आपलं मत बदललं आणि तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

खासगीपणा म्हणजे काहीतरी लपवणं, असं आमच्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं. तो गैरसमज दूर करायला मला फोटोच्या आत दडलेली माहिती दाखवणारी एक्झिफटूल ही कमांड उपयोगी पडते. रावेरकडच्या एका विद्यार्थ्याला मी त्याच्या केळीच्या बागेचा फोटो पाठवायला सांगितला, पण डॉक्युमेंट म्हणून. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर आतली माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळी टिकते. कमांड चालवली. फोनचं मॉडेल, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, आणि खाली अक्षांश-रेखांश. ते नकाशात टाकले तर बाण थेट त्याच्या विहिरीवर गेला. मुलगा हसला, पण मागच्या बाकावरची मुलगी हसली नाही. तिने विचारलं, “सर, मी घरातून काढलेल्या फोटोतपण हे असतं?” असतं. म्हणून ही माहिती पुसायची कमांड मी त्याच तासाला शिकवतो, आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिकाणाची नोंद बंद करायलाही लावतो.

दुरुस्तीच्या दुकानातल्या पोरांसाठी हा विषय आणखी जवळचा आहे. गिऱ्हाईक त्यांच्या हाती उघडा फोन देऊन जातं. त्यात त्याचं सगळं घर असतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे, मालकाच्या परवानगीशिवाय अप्रामाणिक हेतूने त्यातली माहिती उतरवून घेणं हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकेल असा गुन्हा आहे. हे कळल्यावर त्यातल्या एकाने दुकानात पाटी लावली : ‘फोन तुमच्यासमोर उघडला जाईल.’ त्या पाटीचा मला मनापासून अभिमान आहे.

राईनपाड्याच्या खटल्यासाठी सरकारने जळगावचे उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमलं होतं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. तपासात संशयितांची ओळख पटवायला पोलिसांच्या कामी आलं ते बघ्यांनी मोबाइलवर घेतलेलं चित्रण. त्यासाठी कुणाच्या निरोपाचं कुलूप तोडावं लागलं नाही. अशा चित्रणाला पुरावा म्हणून उभं करायचं तर ते जपावं कसं, हे माहीत हवं. जालन्याच्या निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं प्रमाणपत्र आवश्यक ठरवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, आणि त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता फाइलचा हॅश लिहायची जागा आहे. शा-२५६ चं नाव तिथे छापलेलं आहे. आमच्या वर्गात मुलं जी कमांड चालवतात ती आता न्यायालयाच्या कागदावर आहे. म्हणून मी सांगतो : धमकीचा, फसवणुकीचा किंवा मारहाणीचा व्हिडिओ हाती आला तर तो पुढे पाठवू नका, काटछाट करू नका, मूळ फाइल जपा, हॅश काढून तारखेसह लिहून ठेवा आणि पोलिसांकडे जा. पैशांची ऑनलाइन फसवणूक असेल तर आधी १९३० ला फोन करा.

बाजारात जमाव पेटल्यावर कुठलीच कमांड कामाची नाही, हे मी कधीच विसरत नाही. जे करायचं ते आदल्या आठवड्यात, घराघरांतून करावं लागतं. पहिला पाठवणारा कराचीत असेल, सुरतेला असेल, किंवा कुठेच सापडणार नाही. पण निरोप शेवटी ज्याच्या हातात पडतो आणि जो त्यावर विश्वास ठेवून उठतो, तो आपल्याच गावचा असतो. त्याच्यापर्यंत पोचता येतं, आणि त्यासाठी कुणाचाही निरोप चोरून वाचावा लागत नाही.

गावागावांतल्या आपले सरकार सेवा केंद्रांत संगणक परिचालक बसतात. दाखले काढणाऱ्या या मुला-मुलींना व्हिडिओची चित्रं सुटी करणं, चित्रशोध करणं आणि हॅश काढणं एका दिवसात शिकवता येतं. सगळी साधनं मोफत आहेत. धुळे आणि जळगाव जिल्हा परिषदांनी हे प्रशिक्षण सुरू करावं, गावकऱ्याला ‘हाई खरं शे का?’ विचारायला हक्काची जागा ग्रामपंचायतीत मिळावी, आणि उत्तर देणाऱ्याच्या पाठीशी सरपंच व पोलीस पाटलांनी उभं राहावं. शिकवायला आमची पोरं केव्हाही येतील.