रस्ता नसलेल्या गावाचा हिशेब

मुलांनो, नकाशात दूरचे गाव शोधायचे आणि तिथल्या प्रवासाचा खर्च वहीत मांडायचा, हा माझा जुना छंद आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, हडसन उपसागराच्या काठी चर्चिल नावाचे गाव आहे. तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही. विनिपेग शहरातून आगगाडीने सुमारे १७०० किलोमीटर जावे लागते. दोन रात्री गाडीतच काढाव्या लागतात. विमान काही तासांत पोहोचवते, पण त्याचे भाडे फार. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पांढरी अस्वले समुद्र गोठण्याची वाट पाहत किनाऱ्यावर जमतात. ती पाहायला प्रवासी येतात आणि राहण्याच्या खोल्या महागतात.

२०१७ साली पुरामुळे तिथला लोहमार्ग ठिकठिकाणी खचला. सुमारे दीड वर्ष गाडी बंद होती. किराणासुद्धा विमानाने आणावा लागला आणि त्याचे भाव चढले. म्हणून माझ्या वहीत परतीच्या विमानभाड्याची रक्कम सर्वांत आधी बाजूला काढलेली आहे. तुम्हीही असा एक हिशेब मांडून पाहा. प्रवासी तिथला खर्च चार दिवस सोसतो. गावकरी तो वर्षभर सोसतात, हे तुमच्याही ध्यानात येईल.